आधी गर्दी, मग नावं

आमच्या सुनेला माझ्या मुलाकडे कॅनडाला जायचं, तर इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण हवे होते. बोलणं, वाचणं, ऐकणं सगळं जमलं. कमी पडले ते लेखनात, आणि तेही आलेखाचं वर्णन करण्यात. वर्षभर नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात. आता परीक्षेची ही दुसरी खेप. मला तर तिच्याहून जास्त घाई.

नोएडाच्या ऑफिसातून दिल्लीतल्या आमच्या घरी आली की ती आलेख घेऊन बसायची, समोर मी भाजी निवडत. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्या नि पेपर वाचून शिकलेलं, पण कळतं बरं का. एकदा तिने लिहिलेलं वाचून दाखवलं: लोक कामाला कशाने जातात, बस, गाडी, सायकल. अमक्या वर्षी इतके, तमक्या वर्षी तितके. माझी अर्धी मेथी निवडून झाली तरी संपेना.

"अगं, किराण्याची यादी वाचतेयस का?"

"आई, सगळे आकडे यायला नकोत?"

"परवा मी सरोजिनी नगरला हळदीकुंकवाला जाऊन आले, तू विचारलंस कोण कोण होतं. मी आधी काय सांगितलं?"

ती हसली. "यंदा गर्दी खूप, जुन्या बायका कमी, जीन्सवाल्या पोरी सगळ्यांत जास्त."

"मग? आधी गर्दी, मग नावं. नावंही दोन-चारच."

तिने नवं पान काढलं आणि सुरुवातीलाच लिहिलं, एकूण पाहता गाड्या वाढल्या, सायकली घटल्या. मला असा काही चेव चढला, म्हटलं, "पुढे लिही, कारण लोक आळशी झाले."

"कारणं नाही लिहायची, आई. चित्रात दिसतं तेवढंच."

"अच्छा? मग मजा काय राहिली?"

"मजा नाही, गुण राहतात."

मग रोज तोच खेळ. वीस मिनिटांचा गजर लावायचा. ती लिहायची आणि मी तोंडाशी आलेली कारणं गिळत बसायची. नवी विद्या शिकल्यासारखं वाटायचं मला, या वयात.

निकालाच्या दुपारी तिचा ऑफिसातून फोन आला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, एकूण पाहता, हवे तेवढे मिळाले. आकडे घरी आल्यावर."

फोन ठेवला आणि लगेच हळदीकुंकवाच्या सगळ्या मैत्रिणींना एकेक करून कळवलं. कारणांसकट.