फलाट तीनवरचं गाजरगवत

आमच्या अहमदपूरच्या व्याह्यांना आजवर जगातल्या कुठल्याही फुलाचा रंग पुरेसा वाटलेला नाही. झेंडू केशरी असतो, साल्व्हिया लाल असतो, याबद्दल तुमची-माझी काही तक्रार नसते. त्यांची असते. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली, त्या वर्षीच्याच थंडीत ते लातूरला आमच्याकडे आले, चहाचा कप तसाच खाली ठेवून म्हणाले, "पाव्हणं, चला, रोपं बघून येऊ," आणि मला औसा रोडवरच्या एका रोपवाटिकेत घेऊन गेले. तिथं त्यांनी पिटुनियाची एकेक पिशवी उचलून आधी उन्हात धरली, मग स्वतःच्या नाकाला लावली, मग माझ्या नाकाला लावली. "ह्यो जांभळा म्हणायचा का तुम्ही?" त्यांनी मालकाला विचारलं. मालक म्हणाला, गडद जांभळा आहे साहेब, याहून गडद येत नाही. "ह्यो धुऊन वाळत घातल्याला जांभळा हाय. आतला माल काढा." आतला माल असा काही नव्हताच. शेवटी त्या माणसानं कंटाळून एक गर्द किरमिजी रंगाचं रोप आणून दिलं, तेव्हा व्याही जरा निवळले आणि म्हणाले, "बरं हाय. फिकं हाय, पण चालंल." मी नवा व्याही. मीही मान डोलावली.

ते आयुष्यभर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या पुकारायचं त्यांचं काम, आणि निवृत्तीनंतर माईक तिथंच राहिला तरी आवाज घरी आला. बंगल्यापुढच्या जागेत त्यांनी वाफे केले, त्या वाफ्यांना त्यांच्या घरात कुणी वाफे म्हणत नाही, फलाट म्हणतात. फलाट एक शेवंती, फलाट दोन झेंडू, तीनवर कॉसमॉस, चारवर फ्लॉक्स आणि डायन्थस, आणि कुंपणाकडेला डेलिया, ज्यांना ते लांब पल्ल्याची गाडी म्हणत, कारण त्या दिवाळीत लावल्या की थेट संक्रांतीच्या सुमारास फुलत. सकाळी सहालाच त्यांची घोषणा सुरू व्हायची. "फलाट चारवर फ्लॉक्स लागलेली आहे. शेवंती येण्यास विलंब होत आहे, कृपया नोंद घ्यावी." आळीतली माणसं एव्हाना सरावली होती, पण शेजारच्या घरी मुक्कामाला आलेले एक आजोबा एकदा पिशवी घेऊन रस्त्यावर आले आणि नांदेडची गाडी कुठे लागली म्हणून विचारू लागले. व्याह्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी आजोबांना नांदेडच्या गाडीची वेळ सांगितली.

आता अहमदपुरात काय किंवा लातुरात काय, पाणी ही फुलांवर ओतायची वस्तू नव्हे. नळ आठवड्यातून एकदा येणार, तोही त्याला वाटलं तर. व्याह्यांनी त्यावर तोड काढली होती ती अशी, की घरात वापरलेला पाण्याचा थेंबन् थेंब फलाटावर गेला पाहिजे. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी, सगळ्याला वाटा ठरलेल्या होत्या. न्हाणीघराच्या मोरीतून एक नळी थेट फलाट दोनवर काढलेली होती, त्यामुळे पाहुणा आला की व्याह्यांना खरा आनंद व्हायचा, कारण पाहुणा आंघोळ करतो. मी मुक्कामाला असलो की ते न्हाणीच्या दाराबाहेर उभे राहत. "पाव्हणं, सावकाश होऊ द्या. घाई न्हाई. साबण तेवढा बेतानं लावा, झेंडूला सोसत न्हाई." मुलीच्या सासरी, दाराबाहेर व्याही उभे, आणि आपण अंगाला साबण न लावता पाणी ओतत बसलो आहोत, हा अनुभव ज्यानं घेतला नाही त्याला माझी अवस्था कळायची नाही. आमच्या सौभाग्यवतींनी तर तिथं मुक्काम करायचंच सोडलं.

फुलांवरची ही फिकेपणाची तक्रार पुढे पुढे घरात शिरली. फाटकाला त्यांनी रंग दिला तो असा निळा, की टपालवाला लांबूनच वळून आत यायचा. आणि साड्या. विहीणबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं बारीक, बोलणं हळू, आणि नेसणं बदामी, मोतिया, फार तर फिका आकाशी. व्याही दर दिवाळीला त्यांच्यासाठी साडी आणत आणि दर दिवाळीला ती आदल्या वर्षीपेक्षा भडक असे. एका वर्षी कुंकवासारखी लाल, पुढच्या वर्षी गर्द नारिंगी, आणि मग आली ती पोपटी, तिला राणी रंगाचे वीतभर काठ. ती नेसून त्या आमच्या घरच्या हळदीकुंकवाला आल्या तेव्हा बायकांची कुजबुज क्षणभर थांबली. नंतर आमच्या हिनं हळूच विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "आणलीय ना त्यांनी. नेसायला नको?"

हे सगळं म्हणजे माणसाचा छंद आहे, लहर आहे, असंच आम्ही धरून चाललो होतो. मोतीबिंदूचं कळलं ते फार उशिरा, चष्म्याचा नंबर काढायला जावई त्यांना लातूरला घेऊन आले तेव्हा. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, आणि तिथून व्याह्यांचं वेळापत्रक सुरू झालं. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा पक्का समज आहे की डोळ्याचं ऑपरेशन करावं तर थंडीत, उन्हाळ्यात जखम चिघळते. तेव्हा एप्रिलमध्ये विषय काढला की ते म्हणत, "उन्हाळ्यात डोळ्याला कोण हात लावून घेतंय? थंडी पडू द्या." थंडी पडली की म्हणत, "आत्ता? फुलं लागायलीत आन् मी डोळ्याला पट्टी बांधून बसू?" पावसाळ्यात ओल असते. असे दोन हिवाळे निघून गेले. डॉक्टरांनी शेवटी जावयांना बाजूला घेऊन सांगितलं, की अजून थांबलात तर नुसता मोतीबिंदू राहणार नाही, डोळ्यावर दाब वाढेल आणि मग फुलं राहोत, फाटकसुद्धा दिसायचं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा व्याह्यांनी मला हाताला धरून फलाट तीनवर नेलं. "पाव्हणं, बघा. औंदा पांढरं कॉसमॉस आलंय. बारीक फूल, पण दाट." मी पाहिलं. वाफा भरून, नीट आळी करून, तांदळाचं धुवण घालून वाढवलेलं, कमरेइतकं गाजरगवत होतं ते. रस्त्याच्या कडेला उगवतं, अंगाला लागलं की खाज सुटते, ते. खऱ्या कॉसमॉसची रोपं त्यांनी तण म्हणून उपटून कुंपणाबाहेर टाकली होती. आता मुलीच्या बापानं व्याह्यांच्या अंगणात उभं राहून काय म्हणायचं असतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, "वा! फारच सुरेख." विहीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "बाबा, तुम्ही वा म्हणालात म्हणून मामा ते गवत आता शेजाऱ्यांना वाटायला निघालेत. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही या आणि तुम्हीच सांगा." मी गेलो. वाटेत चाकूरपासून मनात वाक्यं जुळवत होतो, आणि एकही व्याह्यांसमोर बोलण्याजोगं होत नव्हतं. व्याही अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खाजवत होते. कातडी लाल झाली होती. मी म्हणालो, "हात काय झाले?" ते म्हणाले, "खताचं काय की."

आणि माझा तोल गेला. "खत नाही, व्याहीबुवा! गाजरगवत आहे ते! तुम्हाला दिसत नाही! उठा, चला माझ्याबरोबर लातूरला!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. दारात मुलगी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुलीच्या बापानं मुलीच्या सासऱ्यावर आवाज चढवला होता, तोही त्याच्याच अंगणात.

व्याह्यांनी हात खाजवायचे थांबवले. मग म्हणाले, "मला ठाऊक हाय ते गाजरगवत हाय. खाज सुटली तवाच कळलं. पण तुम्ही वा म्हणलात, मला वाटलं, चला, आजून एक हिवाळा निघाला." मग हळू आवाजात म्हणाले, "भ्या वाटतंय हो पाव्हणं. आता फिकं का हुईना, दिसायलंय. आप्रेशन बिघडलं आन् तेबी गेलं तर? मग मी काय करू सकाळी उठून?" इतकी वर्षं सगळ्या स्टँडला दटावणारा तो आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा तेच हसले. "आवाज मातर दांडगा हाय तुमचा. स्टँडवर पायजे हुता. घ्या तारीख. फकस्त नळाचा दिवस सोडून घ्या."

डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी नळाच्या दिवशी आली. झालं, व्याही पुन्हा अडून बसले. शेवटी विहीणबाईंनीच निकाल लावला. "तुम्ही जा. मी थांबते नळाला. एकही फलाट कोरडा राहायचा नाही." नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि बायको घरी पाणी भरत, असं आमच्या पाहण्यात तरी नव्हतं, पण निघताना मी मागे वळून बघितलं तर त्या फाटकाशी उभ्या होत्या आणि हातातली नळी नुसतीच पायावर गळत होती. दवाखान्यात ऑपरेशनसाठी आत नेताना व्याह्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते नर्सनं सोडवलं. बाहेर बाकावर जावई आणि मी बसून होतो. मी मनात सारखा म्हणत होतो, काही झालं तर ओरडून घेऊन आलो तो मी.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, आणि व्याह्यांनी ती अशी खणखणीत वाचली, की बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वर केल्या. मी तिथंच भिंतीला टेकलो. इतका हलका मी माझ्या मुलीचं लग्न पार पडलं तेव्हासुद्धा झालो नव्हतो.

दुपारी अहमदपूरला पोचलो. उन्हात काळा चष्मा काढायचा नाही अशी सक्त ताकीद होती. व्याही गाडीतून उतरले, फाटकाला हात लावला आणि चष्मा कपाळावर चढवला. आधी फाटक बघितलं, मग फलाट एक ते चार, मग पुन्हा फाटक. "ह्ये सगळं आपलंच हाय?" मी हो म्हणालो. "एवढं भडक? कुणी लावलं ह्ये? माणसाचं डोकं उठंल की!" मला हसू आवरेना, जावयांना आवरेना, आणि मुलगी तर पायरीवर बसूनच हसायला लागली. विहीणबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला पुढे आल्या. अंगावर तीच पोपटी साडी होती. व्याही त्या साडीकडे बघतच राहिले.

"ही मी आणली?"

"तुम्हीच."

"आन् तू नेसत बसलीस? लोकांत? एका शब्दानं बोलली न्हाईस?"

विहीणबाईंनी तुकडा ओवाळून टाकला आणि पाणी त्यांच्या डोळ्याला लागणार नाही अशा बेतानं पायावर घातलं. "लांबून तेवढीच दिसायची तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी दिसायला नको?"

व्याह्यांनी चष्मा खाली घेतला. "डॉक्टरनं सांगितलंय, उन्हात काढू नका म्हणून," असं काहीतरी पुटपुटले आणि बराच वेळ फलाट तीनकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी आणि जावयांनी हाताला पिशव्या बांधून ते गवत उपटलं.

दुसरा डोळाही पुढे निर्धोक झाला, तोही भर उन्हाळ्यात. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचं अंगण ओळखू येईना. मोतिया शेवंती, फिकी गुलाबी फ्लॉक्स, पाकळीच्या कडेला जरासा जांभळा असणारी डायन्थस. "ही कड बघा," ते मला वाकून दाखवत, "एवढी बारीक. आपल्याला न्हाई जमायची असली." फाटक राखी झालं. विहीणबाई पुन्हा बदामी नेसू लागल्या.

म्हणून यंदा गेलो तेव्हा चकित झालो. फलाट एकपासून कुंपणापर्यंत पुन्हा तोच वणवा, लाल साल्व्हिया, केशरी झेंडू, किरमिजी पिटुनिया, आणि मधे आमचे व्याही, झेंडूलाही मागे सारील असा शर्ट घालून. मी म्हणालो, "व्याहीबुवा, या वयात हा काय अवतार?" त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या विहीणबाईला धुरकट दिसायलंय. डॉक्टर म्हणले, घाबरायचं काम न्हाई, आजून जरा टाइम हाय. ती म्हणती मी कधीबी तयार हाय. ती माझ्यासारखी भित्री न्हाई."

आम्ही अंगणात चार-पाच माणसं होतो. विहीणबाई हातात चहाचा कप घेऊन दारात आल्या, उंबऱ्याशी जराशा थांबल्या, आमच्यावरून नजर फिरवली, आणि मग कुणालाही न विचारता सरळ त्या शर्टाकडे चालत गेल्या.