आवाज बंद केलेला टीव्ही

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो खाप्याच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या गुरुजींचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. मला कॉलेजात पाठवा म्हणून ते बाबांच्या मागे लागले, आणि मी एम.एस्सी. झाल्यावर नागपुरातल्या एका प्राचार्यांकडे त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. तात्पुरती नेमणूक मिळाली. कायम करायचं की नाही, ते प्राचार्य वर्षअखेर ठरवणार होते.

त्याच वर्षी कॉलेजात टीव्ही आला. प्राचार्यांनी त्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. दुपारी दिल्लीहून कॉलेजच्या पोरांसाठी पाठ दाखवत. त्यासाठी माझे तास कापले. मी फक्त हजेरी घ्यायची आणि वर्ग गप्प ठेवायचा.

पाठ इंग्रजीत. पडद्यावरचं समीकरण वहीत उतरायच्या आत नाहीसं होई. माझी निम्मी पोरं सावनेरकडची, मराठी शाळेतून आलेली. मला त्या डब्याचा तिटकारा आला. त्याला प्रश्न ऐकू येत नाही, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही!

एका दुपारी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे काय म्हणून राहिले जी?"

शेजारचा म्हणाला, "सरले काहून इचारतं गा? दिल्लीले पोस्टकार्ड टाक ना!"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी उठलो, टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि फळ्यावर पहिल्यापासून शिकवायला लागलो.

तेवढ्यात प्राचार्य दारात. "अहो, दिल्लीचे प्रोफेसर शिकवताहेत आणि तुम्ही त्यांचं तोंड दाबता?"

"सर, पोरांना कळत नव्हतं."

"होईल सवय. तुम्हाला कळतं ना?"

"मला कळतं. मला शिकवायला माणूस होता."

संध्याकाळी त्यांनी बोलावून सांगितलं, लेखी माफी द्या, कायम करतो. खोलीवर येऊन मी कागद घेतला, पण लिहिलं गुरुजींना:

"आदरणीय गुरुजींस साष्टांग नमस्कार.

माफी मागितली तर नोकरी राहते. मी मागणार नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता, म्हणून हे आधी तुम्हाला कळवतो. इथल्या सदर भागातल्या एका शिकवणी वर्गात नोकरीचं विचारून ठेवलं आहे. बाबांना तुम्हीच समजावून सांगा. माझ्याकडून कळलं तर ते नागपूरला येऊन प्राचार्यांचे पाय धरतील. आणि कृपा करून तुम्हीही प्राचार्यांना भेटायला येऊ नका."