बॉनेटखालची रिकामी जागा

आमच्या देवबागला रस्ता एकच. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधल्या वाळूवर आम्ही, आमचे माड, आमची कुत्री आणि पर्यटकांच्या गाड्या. दार उघडलं की पायरी, पायरी संपली की रस्ता. समोरून गाडी आली की पोरीला उचलायचं आणि गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, पाठ लावून उभं राहायचं, हे मला झोपेतसुद्धा जमेल. मी मुळातच भित्री. लग्नाआधी होडीला भ्यायची, आता गाडीला भिते, आणि पोरगी झाल्यापासून तर विचारूच नका. झावळ पडेल म्हणून माडाखालून जात नाही, आणि माडाखालून नाही जायचं तर रस्त्याने जावं लागतं, आणि रस्त्यावर तर गाड्या! आता सांगा, माणसाने जायचं तरी कुठून?

त्यात आमच्याच घरात गाडी आली. ह्यांनी सात सीटची पांढरी सेकंडहँड गाडी घेतली, स्टेशनवरून पर्यटक आणायला. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण ह्यांनी ती सरळ घरी नाही आणली. आधी कट्टा गावात नेली आणि तिथल्या वेल्डरकडून पुढच्या बाजूला स्टीलचा जाडजूड गार्ड बसवून घेतला. दोन आडवे नळे, चकचकीत, कडेला म्हशीच्या शिंगांसारखे वळवलेले.

"ह्या कित्याक?" मी विचारलं.

"कसालच्या रस्त्यार ढोरां बसतत गो. एक म्हस आडवी इली तर बंपराचो भुगो. आता येवंदे म्हस!"

"आणि माणूस इलो तर?"

"माणसाक हॉर्न कळता. म्हशीक कळणा नाय."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण आमच्या पोरीला हॉर्न कळतो तो असा, की बापाचा हॉर्न ऐकला की ती हातातली भाकरी टाकून दारातून जी सुटते ती थेट गाडीच्या तोंडाशी. आणि हे आपले दारापर्यंत जोरातच येणार, वाळू उडवत, कारण पोरगी टाळ्या वाजवते ना!

संध्याकाळी पूजा केली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूची माळ, नारळ फोडायला पुढे दगड मांडलेला. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्म होडीवर काढला. नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, हे त्यांच्या हाताला बसलेलं. त्यांनी दगडाकडे बघितलंच नाही. नारळ उचलला आणि सरळ गार्डवर हाणला.

फाट! एकाच घावात दोन भकलं, करवतीने कापल्यासारखी. पाणी उडून माझ्या तोंडावर आलं.

"शकुन बरो झालो," सासूबाई म्हणाल्या.

"बगलास? एक चरो पडाक नाय!" हे गार्डवरून हात फिरवत म्हणाले.

आबांनी त्या जागेवर कुंकू लावलं. पोरगी माझ्या कडेवर होती, तीही हसली. माझा हात कधी तिच्या डोक्यावर गेला मलाच कळलं नाही, आणि गेला तो तिथेच राहिला. मी त्या दोन भकलांकडे बघत होते. सगळे प्रसाद खात होते, माझा तसाच राहिला. आणि बोलायची तर सोयच नाही, आता तो नळा देवाचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गणपतीच्या चवथीसाठी माझा दीर आला. तो पुण्याला एका गाड्यांच्या कंपनीत आहे, जिथे गाडीचं बाहेरचं रूप ठरवतात तिथे. नवी गाडी निघायच्या आधी म्हणे तिची मातीची मूर्ती करतात, पूर्ण मापाची, आणि रोज तासत बसतात. म्हणून आम्ही त्याला चिडवतो, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, कामाला आहे म्हणून.

तो पिशवी खाली न ठेवताच गाडीपुढे उभा राहिला. "ह्या कोणी लावल्यान?"

"तुमच्या भावान," मी म्हटलं.

"वयनी, आमी म्हयनो म्हयनो गाडयेचा नाक तासतंव, आणि ह्येणी एका दुपारात तेका लोखंडाचे दात बसयल्यान?"

"भावजी, नाक तासूक म्हयनो कित्याक लागता?"

"दोन सासवा आसत," तो म्हणाला. "एक वारो. तो म्हणता, नाक बारीक कर, खाली ने, माका वाट दी, मगे तुझी गाडी डिझेल कमी पितली. दुसरो रस्त्यावरचो माणूस. तो म्हणता, माका टोचा नको, माझे पाय मोडू नको, आणि मी पडलंय तर मऊ जाग्यार पडाक होयो."

"होडीचा टोक किती बारीक आसता," हे मध्येच म्हणाले. "तेका कोण काय म्हणना नाय."

"अरे, समुद्रात होडयेच्या आड कोण चलत येता?"

मी खोखो हसले. दोन सासवांची मर्जी सांभाळणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको! मग त्याने माझा हात धरून बॉनेटवर ठेवला. "दाबा." दाबलं, तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत गेला आणि पुन्हा वर आला. मी घाबरून हात काढला, वाटलं मोडलं काहीतरी. त्याने बॉनेट उघडलं आणि आत दाखवलं. इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये बरीच जागा मोकळी.

"हय काय घालतत?" मी विचारलं.

"कायच नाय. मुद्दाम रिकामी सोडल्यानी. कोणाचा डोक्या आपटला तर पत्रो आत जावक होयो, इंजिन लागाक नको."

मी बघतच राहिले. मी नववीपर्यंत शिकलेली, मला त्यातलं यंत्र काय कळणार? पण एवढं कळलं की कुठेतरी एका खोलीत न बघितलेल्या माणसांनी बसून वाऱ्याशी भांडून माझ्या पोरीच्या डोक्यासाठी जागा राखली होती. आणि आम्ही त्या जागेपुढे नळा ठोकून वर नारळ फोडला होता.

"आणि वारो पण ह्या नळ्यांक अडता," दीर म्हणाला. "गाडी आता डिझेल जास्त पितली."

तेव्हा कुठे ह्यांचा चेहरा उतरला. "पण काढूचो म्हटला तर आबांक कोण सांगतलो? नारळ फुटलो हा थय."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मोठाले पुरुष, आणि बापापुढे शेपूट घालतात. मला तर आबांसमोर पाणी मागायचीही भीती. पण ह्यांना उद्या सकाळी स्टेशनवर जायचं होतं, आणि परत येताना हे दारात हॉर्न वाजवणारच, आणि पोरगी सुटणारच.

आबा पडवीत जाळ्याला गाठी मारत होते. मी गेले. "आबा, जरा येवा," एवढंच कसंबसं म्हटलं. पोरीला नेऊन गाडीपुढे उभी केली. वरचा नळा बरोब्बर तिच्या कपाळाशी आला. आबांनी लावलेलं कुंकू तिच्या दोन भुवयांच्या समोर. मी फक्त बोटाने दाखवलं. पोरगी नळ्यात तोंड बघून वेडावून दाखवत होती.

आबांनी एक हात नळ्यावर ठेवला, एक पोरीच्या कपाळावर. मग म्हणाले, "पानसुपारी हाड गो."

गाडीपुढे पान ठेवून आबांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे मागे हात जोडून, होकार भरायला.

"बा देवा म्हाराजा! लोखंडार नारळ फोडलो, तो तुका पावलो. आता ता लोखंड आमी काढतंव. तुझो मान काढूक नाय, लोखंडच काढतंव. चुकला माकला तर पोटात घे."

"व्हय म्हाराजा!"

"रस्त्यान चलतल्या लहानथोराक, ढोरावासराक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या गाडयेच्या डायवराक अक्कल दी. दारात वाळू उडवत येता, ता आजपासून बंद कर."

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. दीर तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"ह्येच्यात देवाक कित्याक हाडतास?" हे पुटपुटले.

"व्हय म्हण!"

"व्हय म्हाराजा."

"आयकाक येवक नाय."

ह्यांनी एवढ्या मोठ्याने म्हटलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मग तणतणत पाना शोधायला आत गेले. दोन बोल्ट काही केल्या सुटेनात, ते आबांनीच हातोडी मारून सोडवले.