बापाची उंची

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या सरांची नवी पोरं निवडायची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी ते पोरांचा खेळ बघत आणि दुसऱ्या दिवशी पोरांचे बाप. अकरावीतलं पोर अजून किती वाढणार हे बापाकडे बघून कळतं, असं त्यांचं शास्त्र होतं. बाप बुटका निघाला की पोराला "पुढच्या वर्षी ये" सांगून वाटेला लावायचे.

मी गेलो तेव्हा गिरण्यांचा संप लांबला होता. वडील गिरणीत मागावर होते, म्हणजे आता घरी होते. दहावीला मी असे दिवे लावले होते की खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळाली तरच कॉलेज, नाहीतर गावी जाऊन दुसऱ्याच्या आंब्यांची राखण. टीममधून काढलं की कोट्यातली जागाही जायची.

पहिल्या दिवशी मी उत्तम खेळलो. खोटा विनय मला जमत नाही. दादरच्या एका डॉक्टरांचा मुलगा होता, ताडमाड. चेंडू हातात आला की दचकायचा. सर त्याच्याकडे सोन्याची खाण सापडल्यासारखे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बापांना भिंतीशी उभं केलं. भिंतीवर खडूची रेघ होती. डॉक्टरांचं डोकं रेघेच्या वर गेलं. माझे वडील इस्त्रीचा शर्ट घालून लालबागहून चालत आले होते. आपल्याला काही प्रश्न विचारतील या समजुतीने ते ताठ उभे राहिले. रेघ त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती.

सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि कट्ट्यावरच्या सीनियर पोरांना म्हणाले, "बघा रे, माल इथेच संपतो. काय हो, संपात आटलात की काय?"

सगळे खो खो हसले. डॉक्टरही हसले. तो हात आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

वडिलांनी विस्कटलेले केस नीट केले. मग घरचं मालवणी बाजूला ठेवून, जपून एकेक शब्द उच्चारत ते म्हणाले, "साहेब, हा माझा मुलगा नाही. माझ्या थोरल्या भावाचा. भाऊ वारला. चांगला सहा फूट होता."

"मग आधी नाही का बोलायचं!" सर म्हणाले. त्यांनी माझी मनगटं चाचपली आणि मला घेतलं.

माझे वडील एकुलते एक होते.

फाटकाबाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "कॉलेजात माका काका म्हणाचा. इसरू नको."

वर्षभर मी त्यांना काका म्हटलं. मॅच असली की ते जाळीपलीकडे येऊन उभे राहायचे. मी बास्केट टाकली की सर ओरडायचे, "भावाचं नाव काढलं हो पुतण्याने!" आणि वडील मान डोलवायचे. गिरणीने त्यांना परत बोलावलं नाही. वडाळ्याच्या एका गोदामावर ते वॉचमन झाले.

मी वाढलो नाही.

पुढच्या वर्षीच्या निवडीला सरांनी मला काकांना घेऊन यायला सांगितलं. नव्या पोरांच्या बापांसमोर त्यांनी आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. डोकी बरोबरीला आली.

"काकावर गेला बेटा! फसवलंत की आम्हाला," सर म्हणाले. माझी जर्सी त्यांनी तिथेच उतरवून घेतली आणि डॉक्टरांच्या मुलाच्या अंगावर फेकली. तो दचकला, जर्सी खाली पडली. मी बनियनवर उभा होतो आणि नवी पोरं हसत होती. पहिल्याच दिवशी काय करायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

परळच्या पुलापर्यंत आम्ही चालत आलो. पुलाखाली वडील थांबले. आपल्या डोक्यावर हात आडवा धरून त्यांनी तो सरळ माझ्या डोक्यापर्यंत आणला. कुठेच वरखाली झाला नाही.

"माझ्यारच गेलंस रे शेवटी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझं कॉलेज गेलं होतं आणि माझा बाप हसत होता.