दोन बोटांचे फुनके

साडेसात वाजून गेले तरी कौतिकमामाचा फोटो आला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता येतो. सात म्हणजे सातच. चौदा शनिवार झाले, एकदाही पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. एकतीस वर्षं शाळेत घंटा वाजवलेला माणूस आहे तो, त्याचं घड्याळ चुकत नाही. आता मी दर दोन मिनिटांनी फोन उलटा करते, सुलटा करते. सुरतेहून मामाच्या मुलीने, दिपमालाताईने, घरच्या ग्रुपवर नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकलंय. मामाचा फोन लागत नाहीये. मला बसवत नाहीये म्हणून हे लिहून काढते, नाहीतर मी आत्ताच्या आत्ता जळगाव स्टेशनवर जाऊन बसेन.

तर मामा. शिंदखेड्याला राहतो, एकटा. शाळेत शिपाई होता, आता रिटायर. एक म्हैस आहे, दोन खोल्या, मागे गोठा. मामी दोन वर्षांपूर्वी गेली. उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. तरुणपणी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेली. लहानपणी आम्ही विचारायचो, "मामा, बोटं कुठंय?" तो म्हणायचा, "म्हशीनी खाई टाकी." मी कितीतरी वर्षं त्या म्हशीला घाबरायचे.

मामाला बसता येत नाही, ही त्याची खरी अडचण. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा होता ना, तर तो अजूनही बरोब्बर पस्तीस मिनिटांनी उठतो. लग्नाच्या पंगतीत उठतो. एस.टी.त बसला तर ड्रायव्हरपाशी जाऊन उभा राहतो. "काय मामा?" विचारलं की म्हणतो, "काही नही. तास व्हयना." आणि सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. दिवाळीत बाकीचे फराळाला बसले की हा गोठ्यात, हा दारात, हा पाण्याच्या टाकीवर. मामी ताट झाकून ठेवायची. ताई सांगते, आबांना, म्हणजे मामाला, तिने आयुष्यात सगळ्यांसोबत नाश्ता करताना पाहिलेलं नाही. एकदासुद्धा नाही.

गेल्या पोळ्याला ताई अचानक आली होती. तेव्हा तिला स्वयंपाकघरात काय सापडलं, तर बिस्किटांचे पुडे. डब्यात पीठ होतं पण त्यात पोरकिडे. मामा चहा-बिस्किटावर जगत होता. झालं! ताईने तिथेच ठरवलं की दिवाळी झाली की आबा सुरतेला येणार, म्हैस विकायची, घराला कुलूप.

"माले कोठे जानं नही," मामा म्हणाला.

"मग खाणार काय? बिस्किटं?" ताई चिडली की एकदम शुद्ध मराठीत बोलते, शाळेतल्या बाईंसारखी.

"मी करसू ना."

"तुम्ही? आबा, तुम्हाला चहा गाळता येत नाही."

तेव्हा मामाने शर्त लावली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचा नाश्ता तो करणार. एकटा. कुणी हात लावायचा नाही. आणि धावपळ करायची नाही, सगळ्यांसोबत बसून खायचं. तेवढं जमलं तर तो शिंदखेड्यात राहील. नाही जमलं तर बॅग भरेल. ताई हसली आणि हो म्हणाली, कारण दुसऱ्या अटीत तो हरणार हे तिला माहीत होतं.

मला हे सगळं मामाने फोनवर सांगितलं आणि मी लगेच, म्हणजे खरंच लगेच, सुट्टी लागल्या लागल्या पॅसेंजर पकडून शिंदखेड्याला पोचले. कुणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं त्याला कुणीतरी पाहिजे.

पण त्याने सगळं ठरवून ठेवलेलं होतं. शेजारच्या सुनंदाबाईंकडून तो दोन महिने शिकत होता. बाई ओट्यावर बसून सांगायच्या आणि हा करायचा. त्यांचं म्हणणं असं की सकाळी धावपळ करायची नसेल तर सगळं आदल्या दिवशी संध्याकाळीच संपवायचं. "सकायले फक्त फोडनी," बाई मला म्हणाल्या. "बाकी बठ्ठं, डाय भिजाडानं, वाटानं, आदल्या दिनलेच. नही तं हाऊ मानूस एका जागवर बठाव नही."

म्हणून फुनके. तूरडाळ सकाळी भिजत टाकायची, दुपारी जाडसर वाटायची, पार पीठ करायचं नाही. मग लसूण, मिरची, जिरं, कोथिंबीर, हळद, मीठ. हातात गोळा घेऊन मूठ आवळायची आणि चाळणीत ठेवून वाफवायचं. रात्रभर झाकून राहिले की ते आणखी घट्ट होतात, मसाला आत मुरतो. सकाळी नुसती वाफ दाखवायची आणि कढीला फोडणी द्यायची. ताकाला बेसन लावून तेही आधीच घुसळून ठेवायचं. ठेचा तर काय, आदल्या दिवशीचाच चांगला लागतो. आणि डब्यातले ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, भाजायचे, ते उन्हाळ्यातच झालेले असतात. मामाने हे सगळं शाळेच्या वेळापत्रकासारखं वहीच्या पानावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "७.३० बसणे."

मला ते "बसणे" वाचून इतकं भरून आलं की मी मागच्या दारात जाऊन रडले. मला लगेच येतं रडू.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ताई आणि रोहिदास जिजू सुरतेच्या गाडीने येणार होते. मामा फुनके वळत बसला होता. तीन बोटांनी वळतो, हळूहळू होतं ते. एक झाला की चाळणीत, मग उठून दारात जाऊन येणार, मग दुसरा. चौदा झाले आणि गाडीची वेळ झाली. तो त्यांना आणायला स्टेशनवर गेला. जाताना म्हणाला, "हात नको लावू हं. मी उनू की करसू."

मी दहा मिनिटं बसले. खरंच बसले. पण परातीत तेवढी डाळ उरलेली, गाडी आली तर ताईसमोर हा पसारा दिसणार, ती म्हणणार बघा अजून झालं नाही. मला ते सहन होईना. मी हात धुतले आणि फटाफट दहा वळून टाकले. पाच मिनिटांत! चाळणी गॅसवर चढवली, ओटा पुसला. मामा आला तेव्हा घरभर वास सुटला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उरलेले टाकले वाफेला." समोर ताई होती ना, तो सरळ हात धुवायला गेला.

सकाळी साडेसातला आम्ही गोल करून बसलो. मामा खरंच बसला! कढीचं पातेलं डाव्या हाताला, फुनक्यांची चाळणी उजव्या हाताला, ठेचा, बिबडे, तेलाची वाटी, पाण्याचा तांब्या, सगळं हाताच्या अंतरावर. एकाही गोष्टीसाठी उठायला लागणार नाही अशी मांडणी. जिजूंनी पहिला फुनका कढीत बुडवला आणि डोळेच मिटले. "आबा, जबरदस्त!"

ताईने एक उचलला. खाल्ला नाही. उलटा केला.

तुम्ही कधी फुनका नीट पाहिला असेल तर माहीत असेल, मूठ आवळली की बोटांचे चर उमटतात त्याच्यावर आणि वाफवल्यावर ते तसेच राहतात. मी आयुष्यभर फुनके खाल्लेत आणि माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"आबा, हे तुम्ही केले?"

"मनाच शेतस."

ताईने फुनका त्याच्यासमोर धरला. एक, दोन, तीन, चार चर. "मग ही करंगळी कुठून उगवली? म्हशीने परत दिली का?"

जिजूंना हसू फुटलं आणि कढी नाकात गेली. पण ताई हसत नव्हती. तिने चाळणीतून एकेक काढून दोन ढीग केले. दोन चरांचे तेरा, चौदावा जिजूंच्या पोटात. चार चरांचे दहा.

"मी केले!" मी ओरडलेच. "ताई, मामाने नको सांगितलं होतं, मीच..."

"माहितीय मला तूच असणार. सुनंदाबाई इतके वाकडे नाही करायच्या."

"मग?"

"मग काय मग? एका सकाळसाठी यांना जळगावहून माणूस बोलवावा लागतो. तू गेल्यावर कोण करणार? रोज पॅसेंजरने येशील?"

मी खरं बोलले होते आणि त्याने काहीच झालं नाही. उलट खरं बोलूनच मी त्याला हरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाकडे बघायची हिंमत होईना. तो उठला. पस्तीस मिनिटं झाली नव्हती, दहासुद्धा नाही. दारात जाऊन उभा राहिला आणि त्याचा तो उजवा हात खिशात घालून बाहेर बघत बसला, नाही, बघत राहिला. बसतो कुठं तो.

"बॅग भरा आबा," ताई म्हणाली.

तेवढ्यात जिजू. जिजू कमी बोलतात. सातवा फुनका खात म्हणाले, "दिपमाला, आपली गाडी परवाची आहे ना?"

"मग?"

"मग उद्याची सकाळ शिल्लक आहे. हिला आपण घेऊन जाऊ दिवसभर. दोंडाईच्याला तुझ्या मैत्रिणीकडे. हिचे हात इथं राहायला नकोत, बस्स."

हिला म्हणजे मला. मला पुराव्यासारखं उचलून दोंडाईच्याला नेण्यात आलं. ताईने जाताना सुनंदाबाईंनाही बजावलं, आज घरात पाऊल टाकायचं नाही. बाई म्हणाल्या, "मी कसाले जासू? माले काय काम नही का?" आणि दार लावून घेतलं.

तो दिवस माझ्याने जाईना. ताईच्या मैत्रिणीने चिवडा दिला, मी त्यातले शेंगदाणे वेगळे करत बसले. मला सारखं दिसत होतं की डाळ जास्त वाटली गेली, फुनके फुटले, मामा दारात आणि गॅसवर पाणी आटलं. मी तीनदा म्हटलं, चला ना परत. ताई म्हणाली, "तू अगदी आबांवर गेलीस."

संध्याकाळी परत आलो तर मामा दारातच उभा. चाळणीवर ताट, ताटावर पाटा. "कोनी उघडानं नही," म्हणाला. बस्स.

सकाळी साडेसात. पुन्हा गोल. मामाने पाटा सरकवला, ताट काढलं. बावीस फुनके. ताईने एकेक उलटा केला. मी मनात मोजत होते. दोन चर, दोन चर, दोन चर. मागच्या बाजूला अंगठ्याचा खड्डा. काही फुनके चपटे, एक तर चक्क मोडून परत दाबलेला. पण सगळ्यांवर तेच दोन चर.

शेवटचा तिने बराच वेळ हातात धरला. मग स्वतःची दोन बोटं त्या चरांत ठेवून पाहिली. तिची बोटं बारीक, चर मोठे. "आबा, मीठ कमी आहे," ती म्हणाली. अजून खाल्लाही नव्हता.

मग खाल्ला. मग दुसरा. मामाचा गुडघा हलत होता सारखा, मी बघत होते. घड्याळात आठ वाजले. आठ पाच झाले. पस्तीस मिनिटं. मामाने मांडीवर हात टेकला, अर्धा उचलला गेला, आणि ताई ताटातून मान वर न करता म्हणाली, "बठ ना आबा. आज सुट्टी शे."

अहिराणीत म्हणाली. म्हणजे राग गेला होता.

तो बसला. सव्वाआठपर्यंत बसला. त्याने स्वतः पाच खाल्ले.

जाताना ताईने शर्त बदलली. म्हैस राहील, घर राहील, पण दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता रविवारच्या नाश्त्याच्या फुनक्यांचा फोटो ग्रुपवर आला पाहिजे. चर दिसले पाहिजेत, उजेडात काढलेला पाहिजे. "एक शनिवार चुकला की मी गाडीत बसलेच समजा," म्हणाली. मामाला फोटो काढायला मीच शिकवलं. पहिल्या आठवड्यात अर्धा फोटो चाळणीचा आणि अर्धा म्हशीचा आला होता.

आणि आज काही नाही. आठला पाच कमी. ताईने ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळची गाडी बघते." मी लिहिलं, ताई थांब ना जरा. तिने नुसतं वाचलं. मी सुनंदाबाईंना फोन लावला, त्या उचलत नाहीत. डोक्यात काय काय येतंय. गॅस. गोठा. ती मशीन. मी बॅगेत कपडेसुद्धा टाकलेत...

आला!

फोटो आलाय. चाळणी आहे. रिकामी. तळाशी डाळीचे चार कण. आणि चाळणीच्या शेजारी मामाने स्वतःचा हात ठेवलाय, उजवा, तीन बोटांचा, हळदीने पिवळा झालेला.

खाली त्याचा आवाज. मागे माणसं हसतायत, कुणीतरी ठसकतंय, सुनंदाबाई कुणाला तरी पाणी देतायत. "शेजारना नथ्थूना पाव्हना उनात. बठ्ठा खाई ग्यात. फोटो काढाले एक बी नही ऱ्हायना. मंग हात ठेया."

फुनका नाही. एकही चर नाही. शर्तीप्रमाणे बघितलं तर फोटो चुकलाच की. ताईचं टायपिंग दिसतंय. थांबलं. परत सुरू. परत थांबलं. मी नखं खातेय. किती लिहितेय ही एवढं?

आलं. एकच ओळ.

"मग उद्या सकायले काय खाशात आबा?"

मामाने लगेच उत्तर दिलं, दोन सेकंदांचं. मी चारदा ऐकलं.

"डाय परत भिजाडेल शे."