नवाबाच्या आधीचा घास

वालूरचा गंगाधर गेला, हा फोन आला तेव्हा मी मानवतच्या बसस्टँडवर चहा पीत होतो आणि खरं सांगतो, मी हसलो. कारण गंगाधर मेल्याची आवई याआधी दोनदा मीच उठवली होती. एकदा तर त्याच्या दारात माणसं टोप्या काढून उभी राहिली आणि हा पठ्ठ्या आतून "चहा घ्याल का?" म्हणत बाहेर आला. त्यामुळे या खेपेला मी हॉटेलवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दत्ताभाऊ, लय जुनी झाली आता ही." खोटा ठरायला मी कधी एवढा आतुर नव्हतो…

माझ्या एका खऱ्या वाक्यामागं दोन वाढीव असतात, हे तालुक्याला ठाऊक आहे. पण नवाबाची गोष्ट जवळजवळ घडली तशीच सांगतो. नवाब म्हणजे गंगाधरचा कुत्रा. याच बसस्टँडवर सापडला, तळहातावर मावेल एवढा, आणि अंगावर पिसवा इतक्या की त्याच त्याला उचलून चालवत असाव्यात. गंगाधरनं त्याला पिशवीत घातलं आणि आम्ही एसटीत बसलो. कंडक्टर आला, तशी पिशवी हलली.

"काय हाय आत?"

"कोंबडी," गंगाधर म्हणाला. तेवढ्यात कोंबडी भुंकली.

"ही तं भुंकायलीय की हो!"

"शेजाऱ्याचं कुत्रं हाय साहेब, संगतीचा गुण," मी म्हणालो. अख्खी गाडी हसली, कंडक्टरही हसला आणि नवाब गावात आला.

पुढं थोड्याच दिवसांत त्यानं उंदरांसाठी औषध लावून ठेवलेला भाकरीचा तुकडा खाल्ला. गंगाधर त्याला मांडीवर घेऊन माझ्या मागं बसला आणि माझ्या मोटारसायकलीनं सेलूपर्यंत वाऱ्यालाही धूळ चारली. जनावरांच्या डॉक्टरनं पिल्लू वाचवलं, पण भाकरीवरचा त्याचा विश्वास मात्र गेला. काहीही वाढा, हुंगायचं आणि मागं सरायचं. तेव्हा गंगाधर आपली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली घेऊन त्याच्यासमोर फतकल मारून बसला. भाकरीचा तुकडा मोडला, आपण खाल्ला, तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाला, "बघ, मेलो का मी? न्हाई ना? मग खा."

नवाबानं खाल्लं… आणि तोच कायदा झाला. आधी गंगाधरचा घास, मग नवाबाचा. नाव तेव्हाच पडलं, कारण चाखणारा माणूस ठेवायचा म्हणजे नवाबीच की! गंगाधरचे परगावचे मुक्काम सुटले. पुतणीच्या लग्नात पंगत बसायच्या आत हा एसटीत. मी म्हणायचो, "आरं, कुत्रं हाय ते. एक दिस उपाशी ऱ्हाईल."

"ऱ्हाईल की. पर वाट बघंल ना."

वच्छलावहिनी, म्हणजे त्याची बायको, चुलीपासून टोला हाणायच्या, "लगीन झाल्यापासून माझ्या ताटाकडं कधी बघितलं न्हाई ह्यांनी. अन् त्याचं जेवण चाखून!"

गंगाधर गेला आणि नवाब ताटलीसमोर बसून राहिला. मुलगा सुरेश पुण्याहून आला होता, त्यानं घास खाऊन दाखवला. मीही दाखवले, इतके, की नवाबाचं उतरलेलं वजन सगळं माझ्या अंगावर आलं. त्यानं बघितलं आणि मान वळवली. आत वहिनींचंही तेच. ताट जसं जायचं तसं परत यायचं. दोघांच्याही बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पण माणसाच्या बरगड्या लुगड्याआड असतात, एवढंच.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. शेजारी गंगाधरची ताटली, त्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. कावळे झाडावर बसून, पण एक उतरेना. सुरेशनं हात जोडून शेतीचं वचन दिलं, आईचं दिलं. कावळे ढिम्म. तेवढ्यात नवाब धडपडत आला आणि ताटलीपुढं बसला. कुणीतरी काठी उचलली. पण नवाब खात नव्हता. तो वाट बघत होता.

मी वाघाचे कान पिळल्याच्या गोष्टी सांगणारा माणूस, पण मेलेल्याच्या ताटातला घास घ्यायला माझा हात पुढं झाला नाही. वहिनी उठल्या. भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

"अहो, पितराचं उष्टं करताय!" गुरुजी ओरडले.

"ह्या घरात असंच वाढत्यात," वहिनी म्हणाल्या आणि उरलेली भाकर त्यांनी नवाबापुढं सरकवली. त्यानं खाल्ली, ठेच्यासकट. आणि मग कावळे… शंभर उतरले असं मी गावात सांगतो. एक उतरला. तेवढा पुरला.

सुरेश वहिनींना पुण्याला चल म्हणाला. "नवाबाचं जेवण कोण चाखंल?" एवढंच त्या बोलल्या आणि राहिल्या.

परवा दिवेलागणीला गेलो होतो. ओट्यावर तीच ताटली, कडेला पोचा पडलेली. समोर नवाब. वहिनींनी घास घेतला, चावला, तोंड उघडून दाखवलं.

"बघ…" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. नवाब मात्र त्या वाक्याएवढा वेळ थांबतो.

"मग खा," वहिनी म्हणाल्या.