सव्वादोनची बांगडी

नातीच्या शाळेत आता एकच गृहपाठ तऱ्हेतऱ्हेनं करू देतात. कुणी लिहून आणतं, कुणी चित्र काढून, कुणी नुसतं बोलून दाखवतं. नात म्हणाली, "आजी, तू शिकवायचीस तेव्हा असं होतं का गं?" मी उगाच चष्मा पुसत बसले.

सिल्लोडच्या शाळेत नवी लागले तेव्हा मी महाआगाऊ होते. डीएडला पहिली आलेली, कडक इस्त्रीची साडी. सगळ्या वर्गाला एकच काम: फळ्यावरची दहा गणितं, वहीत, समास सोडून. ज्याला जमलं नाही तो ढ. विषय संपला.

चौथीत बांगडीवाल्याची लेक होती. अपूर्णांकात तिला दर खेपेला भोपळा. चार दोनापेक्षा मोठा, म्हणून पाव अर्ध्यापेक्षा मोठा, असं ती बिनधास्त लिहायची. तिचे वडील शाळेत येऊन सांगून गेले, "बाई, अबकी फेल हुई तो शाळा बंद. दुकान पे बैठेगी." मी ठसक्यात म्हणाले, "मग अभ्यासाला बसवा की!"

त्याच आठवड्यात भावाच्या लग्नासाठी बांगड्या भरायला त्यांच्याच दुकानात गेले. वडील नमाजला गेलेले, गादीवर लेक. माझा हात भारी नाजूक, असा माझा समज.

"सव्वादोनच्या दे."

तिनं माझा पंजा दाबून पाहिला. "बाई, अडीच लागंल."

"मला कळतं गं माझं!"

"पाव इंच कमी पडंल बाई. अडकंल."

अडकलीच. अंगठ्याच्या हाडावर अशी रुतली की डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं साबण लावला. "हात ढिला सोडा. वर्गात धरता तसा ताठ नका धरू."

बांगडी सुटली, पण ते 'पाव इंच' काही डोक्यातून सुटेना. जे हिच्या बोटांना ठाऊक होतं, त्यालाच मी वहीत भोपळा देत होते!

दुसऱ्या दिवशी तिला तीन मापांच्या बांगड्या आणायला लावल्या. त्या वहीवर ठेवून गोल काढायचे, आत माप लिहायचं. सव्वादोनचा गोल अडीचच्या आत बसला, की पाव लहान का अर्धा, ते डोळ्यांनाच दिसायचं. गणितं तीच. वर्गातल्या दोघी पोरी जागेवर ठरत नव्हत्या, त्यांना सुतळी देऊन व्हरांडा मोजायला धाडलं. ज्यांना वही आवडायची, त्यांनी वहीच धरली. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, ही शाळा हाय का बाजार?"

"दोन्ही, सर," मी म्हणाले आणि पुढची वही तपासायला घेतली.

वार्षिक परीक्षेचा पेपर सगळ्यांना एकच होता. तिनं प्रत्येक गणिताशेजारी आधी दोन छोटे गोल काढले, मग उत्तर लिहिलं. दोन चुकली, बाकी बरोबर.

निकालाच्या दिवशी ती कागदात गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन आली.

"बाई, अब्बानं पाचवीच्या पुस्तकांची यादी मागितलीय. अन् या अडीचच्या हायेत. हात द्या. ढिला."

मी मुकाट्यानं हात पुढं केला.